मानेच्या मणक्याचं ऑपरेशन पुढून केल्यावर गिळायला त्रास कोणाला जास्त होतो?

तुमच्या आईंचं वय ६४, मानेत तीन ठिकाणी नस दबलेली, ऑपरेशन गळ्याकडून होणार, आणि कोणीतरी सांगितलं की नंतर घास उतरत नाही. असं ऐकल्यावर झोप उडणारच. मी डॉक्टर नाही, रावेर तालुक्यात केळी लावतो. पण माझ्या वडिलांचं, अण्णांचं, हेच ऑपरेशन झालं आणि पुढे जवळजवळ अडीच महिने त्यांचा घास अडकत होता. तेव्हा डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे कळलं ते सांगतो.

आधी एक करा. आज आई जेवायला बसल्या की शेजारी बसून नुसतं बघा. अण्णा कैक वर्षांपासून दर घासामागे पाण्याचा घोट घ्यायचे. आम्ही म्हणायचो, कळण्याची भाकरी कोरडी, त्याला पाणी लागणारच. सर्जननी "गिळायला काही त्रास?" असं विचारलं, तेव्हा अण्णा "काहीच नाही" म्हणाले आणि मीही मान डोलावली. खरं तर आधीपासून थोडा त्रास असणं हाच पुढच्या त्रासाचा मोठा धोका. मणक्याला पुढच्या बाजूने हाड वाढलेलं असेल तर तेही अन्ननलिकेला टेकतं. जुनी माणसं हे सांगत नाहीत, कारण त्यांना तो त्रास वाटतच नाही. म्हणून तुम्ही बघा आणि तुम्हीच सांगा.

पुढून मणक्यापर्यंत पोचायचं तर श्वासनलिका आणि अन्ननलिका एका बाजूला ओढून धरावी लागते. त्या ताणाने सूज येते, आवाजाच्या आणि गिळण्याच्या नसांवरही ताण पडतो. पहिल्या आठवड्यात थोडाफार त्रास खूप जणांना होतो, काही अभ्यासांत तर निम्म्याहून जास्त लोकांना. बहुतेकांचा तो तीन महिन्यांत ओसरतो. थोड्यांचा वर्षभरानंतरही राहतो.

मग जास्त कोणाला? मणक्यांमधल्या जितक्या जास्त गाद्या काढायच्या आणि जितका वेळ ऑपरेशन चालायचं, तितका ताण जास्त. तुमच्या आईंच्या बाबतीत मला हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तीन ठिकाणं आहेत. साठीच्या पुढचं वय आणि बाई असणं, हेही बऱ्याच अभ्यासांत धोक्याच्या बाजूला दिसतं. त्याच जागी दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल तर जुन्या जखमेमुळे सगळं चिकटलेलं असतं. मानेच्या वरच्या भागातले मणके असतील तर गिळण्याच्या नसा अगदी जवळ असतात. बिडी-सिगारेट आणि घशाशी येणारं आम्लपित्त यांचीही भर पडते. अण्णांची बिडी ऑपरेशनच्या आठ दिवस आधी सुटली. फार उशिरा.

सर्जनना दोन गोष्टी स्पष्ट विचारा. एक, मणके जोडायला पुढून बसवायची धातूची पट्टी किती जाड आहे, आणि मणक्याच्या बाहेर न येणारी रचना आईंना चालेल का. दोन, हाड जुळवायला बीएमपी नावाचं प्रथिन वापरणार आहेत का. मानेत ते वापरल्यावर जीवघेणी सूज येऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये दिला होता. मागून ऑपरेशन केलं तर गिळण्याचा त्रास कमी होतो हे खरं, पण दाब पुढून असेल तर तो मार्ग प्रत्येकाला चालत नाही. त्यासाठी हट्ट धरू नका, कारण विचारा. श्वासनलिका हाताने बाजूला सरकवायचा व्यायाम काही सर्जन आधीपासून शिकवतात. तो त्यांनीच शिकवला तर करा, व्हिडिओ बघून घरी मुळीच नको.

ऑपरेशननंतर पहिल्या एक-दोन दिवसांत गळा भराभर सुजला, श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, तर एक मिनिटही थांबू नका. आत रक्त साठून श्वासनलिका दाबली जात असू शकते. ताप आणि गिळताना वाढत जाणारी कळ म्हणजे अन्ननलिकेला इजा झालेली असू शकते. आवाज बसलाय आणि पाणी पिताना ठसका लागतोय, असं असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो.

अण्णांना आम्ही ताठ बसवून, छोट्या चमच्याने पातळ मुगाची खिचडी आणि दुधात कुस्करलेलं केळं देत होतो. पाण्यापेक्षा दाटसर गोष्ट त्यांना सोपी जायची. तुमच्या आईंना काय सोपं जाईल ते गिळण्याची तपासणी करणाऱ्या थेरपिस्टकडून ठरवून घ्या, आणि तेही दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या आधी. आम्ही तपासणी न करता नाशिकहून निघालो. वाटेत चाळीसगावच्या अलीकडे चहाच्या एका घोटाला अण्णांना ठसका लागला आणि ओठ निळे पडले. गाडी बाजूला घेऊन त्यांना पुढे वाकवून धरलं होतं, ती पाच मिनिटं मला अजून आठवतात.