चात, भट्टी आणि आठ तास : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातल्या अमेरिकी कारखानदारीवरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांपैकी पाच इथे घेतली आहेत.

प्रश्न : नागपूरच्या एम्प्रेस मिल या कापड गिरणीबद्दल वाचताना ‘म्यूल’ आणि ‘रिंग’ हे शब्द सारखे येतात. दोन्ही यंत्रं सूतच काततात, मग रिंगचं एवढं महत्त्व का? (एक वाचक, इमामवाडा)

उत्तर : साध्या चरख्यावर दोन कामं आळीपाळीने होतात. पेळू धरलेला हात मागे नेत सूत ओढायचं आणि पिळायचं. मग थांबायचं, चाक किंचित उलटं फिरवायचं आणि काढलेलं सूत चातीवर (फिरणाऱ्या टोकदार सळीवर) गुंडाळायचं. म्यूल हेच काम शेकडो चात्यांवर एकदम करतं. चात्यांचा लांबलचक गाडा दीड मीटरहून थोडा जास्त बाहेर सरकतो, सूत ओढून पिळतो, थांबतो, आणि आत जाताना गुंडाळतो. गुंडाळताना ताण जरा चुकला की सूत तुटतं किंवा त्याला आढ्या पडतात. यंत्र स्वयंचलित झाल्यावरही हा ताण सांभाळायला मुरलेला कारागीर लागायचा, आणि तो तयार व्हायला वर्षं जायची. म्हणूनच मजुरी ठरवताना मालकाला त्याचं ऐकावं लागे.

अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडच्या जॉन थॉर्पने १८२८ मध्ये रिंगचं पेटंट घेतलं. हळूहळू तिला आजचं रूप आलं. चातीभोवती एक पोलादी कडं असतं आणि कड्याच्या काठावर तारेचा इवलासा आकडा सैल अडकवलेला असतो. या आकड्याला ट्रॅव्हलर म्हणतात. रुळांमधून येणारं सूत आकड्यातून ओवून चातीवर बसवलेल्या बॉबिनवर (रिळावर) जातं. चात फिरली की सूत आकड्याला ओढत कड्यावरून पळवतं. आकड्याचा एक फेरा म्हणजे सुताला एक पीळ. घर्षणामुळे आकडा चातीच्या जरा मागे राहतो, आणि जेवढा मागे राहतो तेवढं सूत गुंडाळलं जातं. पीळ आणि गुंडाळणं दोन्ही एकाच वेळी, न थांबता.

संख्यांत पाहू. बॉबिनचा व्यास २० मिलिमीटर असेल तर घेर सुमारे ६३ मिलिमीटर. रुळांनी ६३ मिलिमीटर सूत सोडेपर्यंत चातीचे ५० फेरे झाले, तर आकड्याचे ४९ होतात. एक फेरा गुंडाळण्यात गेला, ४९ पीळ बसले, म्हणजे इंचाला जवळजवळ २०. साधारण २५ नंबरच्या (नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक) ताण्याच्या, म्हणजे कापडातल्या उभ्या, सुताला एवढा पीळ योग्य.

बिघडतं ते बहुतेक आकड्याच्या वजनापायी. आकडा जड असला तर ताण वाढून सूत तुटतं. हलका असला तर सुताचा फुगा मोठा होऊन शेजारच्या चातीला लागतो आणि बॉबिन पोचट भरते. म्हणून सूत जितकं बारीक तितका आकडा हलका. वेग फार वाढवला तर आकडा घर्षणाने तापून झिजतो, जळतोसुद्धा. त्यात नागपूरच्या उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत तंतू ठिसूळ होतात आणि उडतात. एम्प्रेस मिलमध्ये हवेत ओलावा सोडणारी यंत्रं बसवली होती, ती याचसाठी.

रिंगवरच्या माणसाला तुटलेला धागा सांधायचा आणि भरलेल्या बॉबिन बदलायच्या, एवढंच काम उरलं. ते काही आठवड्यांत शिकता येतं. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या गिरण्यांनी म्यूल काढून रिंग बसवल्या त्यामागे जास्त उत्पादनाचा हिशोब होता, आणि म्यूल कारागिरांची बळकट संघटना मोडणं हाही उघड हेतू होता. एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली आणि १८८० च्या दशकात, इंग्लंडमधलं गिरण्यांचं लँकेशायर अजून म्यूलला धरून असताना, तिने रिंग घेतली. जमशेटजी टाटा आणि व्यवस्थापक बेझनजी मेहता यांचा तो निर्णय धाडसाचा होता, असं आमचं मत आहे.

प्रश्न : अमेरिकी उद्योगपती कार्नेगीने पोलाद स्वस्त केलं असं मुलांना शिकवतो. मग त्याच्याच होमस्टेड कारखान्यात गोळीबार का झाला? (शिक्षक, धंतोली)

उत्तर : गोष्ट इथेही कौशल्याचीच आहे. बेसेमरच्या हवा फुंकण्याच्या पद्धतीआधी बीड (ओतीव लोखंड) वितळवून, त्यात लांब सळी घालून तासन्‌तास ढवळत घडीव लोखंड करत. गोळा कधी काढायचा हे कारागिराच्या नजरेवर असे. १८७५ मध्ये पिट्सबर्गजवळ ब्रॅडॉकला कार्नेगीचा एडगर थॉमसन कारखाना सुरू झाला. तिथे वितळलेल्या बिडातून खालून हवा फुंकत. कार्बन आणि सिलिकॉन जळताना स्वतःच उष्णता देतात, वेगळं इंधन लागत नाही. पंधरा-वीस मिनिटांत कित्येक टन पोलाद.

पण फुंकणं नेमकं थांबवावं लागतं. तोंडावरची ज्वाळा एकदम पडली की कार्बन संपला. त्यानंतरही हवा चालू राहिली तर प्राणवायू लोखंडात मुरतो आणि लाटताना तापलेलं पोलाद तडकतं. म्हणून शेवटी मँगनीजयुक्त बीड घालतात. मँगनीज प्राणवायू ओढून घेतं, आणि लागेल तेवढा कार्बनही परत मिळतो. स्फुरद मात्र या भट्टीत जात नाही. ते राहिलं तर आगगाडीचा रूळ थंडीत काचेसारखा फुटतो. कार्नेगीला कमी स्फुरदाचं खनिज लागे ते यामुळे. पुढे खाणी, कोक, वाहतूक सगळं त्याने आपल्या हाताखाली आणलं.

होमस्टेडला १८९२ पर्यंत पोलाद करायच्या दुसऱ्या पद्धतीच्या, उघड्या चुलीच्या भट्ट्याही आल्या होत्या. तिथल्या कुशल कामगारांची मजुरी पोलादाच्या बाजारभावाशी बांधलेली होती. भाव कितीही पडला तरी टनाला २५ डॉलरच्या खाली धरायचा नाही, असा करार. कंपनीला ही मर्यादा २२ वर आणायची होती. कंपनी २३ पर्यंत आली, संघटना २४ पर्यंत उतरली. अंतर एका डॉलरचं राहिलं. पण कंपनीची दुसरी अट नीट वाचावी : कराराची मुदत जूनऐवजी ३१ डिसेंबरला संपावी. पेनसिल्व्हेनियाच्या हिवाळ्यात घरात कोळसा आणि पीठ नसताना कोण संप करणार? व्यवस्थापक फ्रिकला मजुरीपेक्षा संघटना संपवायची होती, हे या अटीवरून दिसतं.

टाळेबंदी झाली. ६ जुलै १८९२ ला पिंकर्टन कंपनीचे ३०० सशस्त्र पहारेकरी पडावांतून नदीमार्गे आले. कामगार किनाऱ्यावर उभे ठाकले. दिवसभराच्या चकमकीत दोन्ही बाजूंची मिळून किमान दहा माणसं गेली. कार्नेगी तेव्हा स्कॉटलंडमध्ये होता. मग राज्याचं सैन्य आलं, त्याच्या बंदोबस्तात बदली कामगार आत घेतले गेले आणि संघटना मोडली. कारखान्यातल्या ३,८०० पैकी सुमारे ८०० च कामगार तिचे सभासद होते, तरी बाकीचेही त्यांच्यासोबत उभे राहिले. मुलांना शिकवताना हे जरूर सांगावं.

पुढे बारा तासांची पाळी पक्की झाली. दर दोन आठवड्यांनी दिवसपाळी-रात्रपाळी बदलताना सलग चोवीस तास भट्टीपुढे उभं राहावं लागे.

प्रश्न : १ मे हा कामगार दिन अमेरिकेमुळे आला म्हणतात, पण अमेरिकेत तर तो सप्टेंबरात असतो? (एक वाचक, महाल)

उत्तर : दोन्ही खरं आहे. आठ तासांच्या मागणीसाठी १ मे १८८६ पासून अमेरिकेत संप झाले. शिकागोत ३ तारखेला मॅकॉर्मिकच्या कापणीयंत्रांच्या कारखान्यापाशी पोलिसांनी गोळ्या झाडल्या. दुसऱ्या दिवशी त्याच्या निषेधाच्या सभेत, हेमार्केट चौकात, बाँब पडला. तो कोणी टाकला हे सिद्ध झालं नाही, तरी आठ जण दोषी ठरले. चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला फाशी झाली, एकाने तुरुंगात जीव दिला, उरलेल्या तिघांना १८९३ मध्ये गव्हर्नर आल्टगेल्डने निर्दोष म्हणून सोडलं. १८८९ मध्ये पॅरिसच्या समाजवादी परिषदेने १ मे निवडला. अमेरिकी सरकारने १८९४ मध्ये सप्टेंबरचा पहिला सोमवार ठरवला.

त्याच १८८६ साली एम्प्रेस मिलने कामगारांसाठी निवृत्तिवेतन निधी सुरू केला. आणखी एक धागा नागपुरातूनच जातो. इथल्या संग्रहालयातला भूगर्भीय नकाशा पाहून जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी टाटा यांचं लक्ष दुर्ग जिल्ह्यातल्या लोखंडाकडे गेलं. पुढे जमशेदपूरचा कारखाना अमेरिकी अभियंत्यांच्या मदतीने उभा राहिला आणि तिथे १९१२ मध्ये आठ तासांचा दिवस लागू झाला. पिट्सबर्गच्या भट्ट्यांवरचे बारा तास १९२३ पर्यंत सुटले नाहीत.

प्रश्न : अमेरिकेच्या व्हिटनीच्या शोधातून आलेलं, सरकी काढायचं करवतीचं जिन जगप्रसिद्ध, मग आपल्याकडे बहुतेक रुळांचंच जिन का? (कापूस व्यापारी, कळमना)

उत्तर : करवतीचे दात तंतू ओढून जाळीच्या फटीतून नेतात आणि सरकी अलीकडे राहते. काम झपाट्याने होतं, पण तंतू तुटतात आणि रुईत गुठळ्या पडतात. रुळाच्या जिनमध्ये चामड्याचा खरबरीत रूळ तंतू धरतो आणि पाती सरकी ढकलून वेगळी करते. वेग कमी, पण तंतूची लांबी शाबूत. हेही अमेरिकीच, फोन्स मॅकार्थीचं १८४० चं पेटंट. रुळावरच्या खाचा झिजून तो गुळगुळीत झाला की रुई घसरते, मग खाचा नव्याने पाडाव्या लागतात. ओला कापूस दोन्ही यंत्रांना चालत नाही.

प्रश्न : रिंगचं काम प्रत्यक्ष कुठे पाहता येईल? गिरणी तर आता नाही. (विद्यार्थिनी, इतवारी)

उत्तर : अंबर चरख्यावर, म्हणजे खादीच्या हाताने चालवायच्या अनेक चात्यांच्या चरख्यावर. त्याच्या चातीभोवती तेच कडं आणि तोच आकडा असतो. वर्धा-सेवाग्राम भागातल्या खादी केंद्रात विचारा. चालवणाऱ्या ताईंच्या परवानगीने बॉबिनच्या टोकाला कुंकवाचा ठिपका द्या आणि कड्याच्या धारकावर खडूची खूण करा. मूठ अगदी सावकाश फिरवायला सांगा. एकीने ठिपक्याचे फेरे मोजावेत, दुसरीने आकडा खुणेपाशी किती वेळा येतो ते. फरक तुम्हाला दिसेल. मूठ उलटी मात्र फिरवू देऊ नका : सूत सैल पडून आकड्याजवळ आढी बसते, आणि ते तोडून नव्याने सांधावं लागतं.