बाबांना कसं विचारायचं?

"बाबांना सांगायचं की नाही?" समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसलेल्या माणसाचं पहिलं वाक्य पुष्कळदा हेच असतं. कधी बाबांच्या जागी आई असते, कधी सासरे. डॉक्टरांनी "आता घरी न्या, जपा" म्हटलेलं असतं आणि घरात सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, की पेशंटला काही कळू द्यायचं नाही, कळलं तर हाय खाईल. मग पुढे काय करायचं, पुन्हा इस्पितळात न्यायचं का, मशीनवर ठेवायचं का, हे त्यालाच विचारणं तर लांबच राहिलं. तसलं अभद्र तोंडून निघालं की ते ओढवतं, असं आपल्याकडे अजून मानतात.

अशांना मी मास्तरांची गोष्ट सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच दिवसांचं बोलणं थोडक्यात आणलंय.

मास्तर म्हणजे गोव्यात अंत्रुजातल्या (फोंडा भागातल्या) एका गावातले निवृत्त प्राथमिक शिक्षक. फुफ्फुसाचा कॅन्सर लिव्हरपर्यंत पोचलेला, केमो थांबवलेली. घरच्यांनी त्यांना सांगितलं होतं, छातीत पाणी झालंय, औषधाने उतरेल. धाकटी मुलगी माझ्याकडे आली ती झोप उडाली म्हणून.

"ते स्वतः काही विचारत नाहीत?" मी म्हटलं.

"कध्धीच नाही. म्हणून तर वाटतं, त्यांना माहीत नाही."

जन्मभर पोरांच्या पाटीवरची वेलांटी चुकली तरी पकडणारा माणूस स्वतःच्या आजाराबद्दल एक प्रश्न विचारत नाही! मला तिथेच कळलं, की त्यांना सगळं माहीत आहे. ग्लेझर आणि स्ट्रॉस या दोन समाजशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या इस्पितळांत नेमकं हेच पाहिलं होतं. मरणार हे पेशंटलाही ठाऊक, घरच्यांनाही ठाऊक, आणि दोघंही एकमेकांसमोर काही ठाऊक नसल्याचं सोंग वठवतात. या सोंगात सगळ्यात एकटा पडतो तो पेशंट. मी इतकी वर्षं जे काम करते, ते या एका निरीक्षणावर उभं आहे. सांगायचं काय याची चिंता सोडा, विचारायचं काय ते बघा.

मुलीला ते जमेना, म्हणून मी घरी गेले. मास्तर सोप्यावर आरामखुर्चीत होते, बाजूला ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं. मुलगा (घरात सगळे त्याला भाई म्हणतात) कठड्याला टेकून उभा, आई दारात. मी आजाराचं नावही काढलं नाही. वर देवखोलीच्या बाजूला माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर रानातली फळंफुलं बांधतात ती, लाकडी चौकट दिसत होती. म्हटलं, "मास्तर, यंदा चवथीला माटोळी कोण बांधणार?"

"भाईला गाठ मारता येत नाही," ते लगेच म्हणाले. "इतकी वर्षं खाली उभा राहून नुसतं सामान देतो. नारळाची पेंड तरी बांधेल एक वेळ. कांगलां, घागऱ्यो कुठे मिळतात तेसुद्धा त्याला ठाऊक नाही. आणि कुंभ्याच्या सालीचा दोर आधी भिजवावा लागतो, हा सुतळी आणेल बाजारातून." दम लागला म्हणून थांबले. "यंदा याने वर चढावं. मी इथून सांगीन. असलो तर."

"आणि नसलात तर?"

मुलीने माझ्याकडे असं पाहिलं, की आता उठून जा म्हणते की काय. मास्तर मात्र शांत होते. "नसलो तर घराला सुतक. गणपती पुढे ढकला, पण चुकवू नका." मग दाराकडे बघून म्हणाले, "हिला मागची पायरी चढवत नाही. ती करून घ्या आधी. रात्री चुलीकडे बसून रडते, तिला वाटतं मी झोपलोय."

आईने पदर तोंडाला लावला. "तुम्हांला माहीत होतं?"

"फाईलवर ऑन्कॉलॉजी लिहिलंय. मास्तर आहे मी, वाचता येतं मला."

त्यावर भाई हसला आणि हसताहसताच रडायला लागला. कुणीही खचलं नाही. मास्तर तर पुढचा तासभर बोलत होते. बोलता बोलता त्यांनी मूळ गोष्ट सांगितली: "मला घशात नळी नको. दम लागतो त्यावर औषध द्या, दुखणं कमी करा, पण घरी ठेवा. एका सोयऱ्याला नळी घातली होती. मुलं काढा म्हणाली, तर इस्पितळात विचारलं, कागद कुठाय?"

हा कागद म्हणजे लिव्हिंग विल: पुढे बोलता येईनासं झालं, तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली, पण तेव्हा मॅजिस्ट्रेटची सही लागायची, म्हणून फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्या वतीने निर्णय घ्यायला एकाहून जास्त जवळच्या माणसांची नावं द्यायची, एक प्रत फॅमिली डॉक्टरकडे, एक पंचायत किंवा पालिकेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. गोव्याने यात पुढाकार घेतला; मे २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे तेव्हाचे न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी स्वतःचा कागद केला. लोक घाबरतात, की सही केली म्हणजे उपचार बंद. तसं मुळीच नाही. शुद्धीवर आहात, बोलताय, तोवर तुमचा शब्दच चालतो आणि कागद केव्हाही बदलता येतो. आजार बरा होण्यापलीकडे गेला आणि तुम्ही सांगण्याच्या स्थितीत नसलात, तरच तो उघडायचा. तेव्हाही डॉक्टरांची दोन मंडळं पाहतात, प्रत्येकाने शक्यतो ४८ तासांत ठरवायचं असतं.

भाईला दुसरीच शंका होती. कागद म्हटल्यावर त्याला बहिणीने कुळागराची (नारळ-सुपारीच्या बागेची) वाटणी काढलीय असं वाटलं. ही शंका मला पुष्कळ घरांत भेटते, म्हणून स्पष्टच सांगते: लिव्हिंग विलचा जमिनीशी काडीचाही संबंध नाही. आणि गोव्यात मृत्युपत्रानेसुद्धा सगळं एकाच्या नावावर करता येत नाही. लग्नाच्या वेळी वेगळा करार नसेल तर निम्मी मालमत्ता आईचीच. बाबांच्या निम्म्यातली अर्धी मुलांसाठी कायद्याने राखीव. भाई गप्प झाला आणि मला वाटतं, थोडा सुटलाही.

मास्तर श्रावणात वारले, घरीच. दुखणं आवरायला डॉक्टरांनी मॉर्फिन दिलं होतं. कुणाला घरी सांभाळणं शक्य नसेल, तर लोटलीला शांती अवेदना सदन आहे, कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांना सांभाळणारं; तिथे नेणं म्हणजे माणसाला टाकणं नव्हे, हेही मला वारंवार सांगावं लागतं.

नंतर मुलगी आली ती नेटवर वाचून. "मी रागाच्या टप्प्यावर असायला हवी होते ना? मला राग येतच नाही." मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉसने १९६९ मध्ये मांडलेले ते पाच टप्पे (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) मुळात मरणाला सामोरं जाणाऱ्या रुग्णांशी बोलून आले होते. मागे राहिलेल्यांनी त्याचं वेळापत्रक करू नये. शोक संपवून माणसाला मनातून काढून टाकायचं असतं, हेही मला पटत नाही. नातं चालूच राहतं, त्याची रीत तेवढी बदलते. ती अजून फुलं काढताना बाबांशी बोलते. बोलू दे. तिला रडू भरपूर आलं, पण "आपण विचारलंच नाही" हा सल तिच्याकडे नाही. विचारायचं राहून गेलेली माणसं वर्षानुवर्षं तोच सल घेऊन माझ्याकडे येतात.

आता आईने स्वतःचा कागद करायला घेतलाय. भाईचा फोन आला, "ती ठणठणीत आहे, आत्ताच कशाला?" ठणठणीत असताना, भान शाबूत असतानाच तो करायचा असतो, हे त्याला समजावलं. निर्णयासाठी आईने मुलीचं आणि सुनेचं नाव दिलंय, भाईचं नाही. म्हणाली, "तो माझा जीव आहे. पण डॉक्टर नळी म्हणाले, की तो नको म्हणणार नाही."