मानेला मुका मार आणि तिसऱ्या दिवशीचा लकवा

प्रश्न : धाकटा भाऊ सांजेला मोटारसायकलने वावरातून परतत होता. धुऱ्यावर रानडुकरांसाठी ओढलेली तार गळ्यात आली, तो पडला. गळ्यावर लाल वळ, बाकी काही नाही. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल. तिसऱ्या दिवशी चहाचा कप उजव्या हातातून सुटला आणि जीभ जड झाली. स्कॅन नॉर्मल असताना लकवा कसा? (आर्वी तालुका)

उत्तर : स्कॅन बरोबरच होता. मार डोक्याला नव्हता, मानेला होता. मेंदूला रक्त नेणाऱ्या चार धमन्या मानेतून जातात : पुढून दोन कॅरोटिड, मागे मणक्यांतून दोन व्हर्टिब्रल. तारेच्या हिसक्याने डाव्या कॅरोटिडचं आतलं अस्तर फाटलं असणार. फाटल्या जागी गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून मेंदूत अडकतो. बोलणं आणि उजवा हात हे दोन्ही बहुधा मेंदूच्या डाव्या बाजूकडे असतं, म्हणून दोन्ही एकदम गेले. गुठळी धरायला वेळ लागतो, लकव्याचे बहुतेक झटके पहिल्या ७२ तासांतले.

‘स्वतःच्या पायांनी चालत आला’ म्हणजे पेशंट ठीक, असं आपल्याकडे धरून चालतात, डॉक्टरसुद्धा. या दुखापतीत त्याला काडीचा अर्थ नाही. गळ्यावर तारेचा किंवा ओढणीचा वळ असेल, मानेचा मणका, कवटीचा तळ किंवा जबडा मोडला असेल, तर शिरेतून डाय देऊन मानेची सीटी अँजिओग्राफी, म्हणजे धमन्यांचा स्कॅन, त्याच दिवशी व्हायला हवी. तालुक्याला सोय नसेल तर नागपूरचं मेडिकल कॉलेज किंवा सेवाग्रामचा दवाखाना गाठा.

भावाची फिजिओथेरपी एक दिवसही चुकवू नका. सगळ्यात जास्त सुधारणा पहिल्या काही महिन्यांत होते.

प्रश्न : ट्रॅक्टर उलटला तेव्हापासून मुलाच्या कॅरोटिडला ‘ग्रेड २’ इजा आहे. रोज अ‍ॅस्पिरिन चालू आहे. शेजारी म्हणतात, रक्त पातळ होते, बंद करा. आणि शीर फाटली तर ऑपरेशन का नाही? (दारव्हा)

उत्तर : गोळी बंद करू नका. तीच गुठळी धरू देत नाही. अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १९९९ मध्ये ही प्रतवारी मांडली; ग्रेड म्हणजे धमनीची इजा किती मोठी. त्यांच्या पाहणीत कॅरोटिडच्या पहिल्या ग्रेडला लकव्याच्या झटक्याचं प्रमाण ३ टक्के होतं, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला ३३, चौथ्याला, म्हणजे धमनी पूर्ण बंद असल्यास, ४४. अ‍ॅस्पिरिन किंवा हेपारिन (गुठळी रोखणारं इंजेक्शन) वेळेत सुरू झालं की हा धोका बराच उतरतो.

ऑपरेशन क्वचितच करतात, कारण फाटलेली जागा बहुधा कवटीच्या तळाजवळ असते, तिथे हात पोचत नाही. निवडक पेशंटना स्टेंट, म्हणजे धमनीच्या आत बारीक जाळी, बसवतात. साधारण ७ ते १० दिवसांनी पुन्हा अँजिओग्राफी करतात. बारीक फाट पुष्कळदा आपोआप भरते. पूर्ण बंद झालेली धमनी सहसा उघडत नाही, पण बाकीच्या धमन्या तिचं काम उचलू शकतात आणि माणूस शेतीवर परततो. गोळी सहसा ३ ते ६ महिने चालते. ती थांबवायची ती स्कॅन पाहून, डॉक्टरांनीच. गोळीने पोटात रक्तस्राव होऊन शौच काळं डांबरासारखं झालं तर मात्र त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न : कटिंग झाल्यावर मी मान मोडून घेतो. चालेल का? (मूर्तिजापूर)

उत्तर : नाही. चंपी खुशाल करून घ्या, मानेला झटका नको. वरच्या मणक्यांपाशी व्हर्टिब्रल धमनी वळण घेते, तिथे ती ताणून फाटू शकते. असं क्वचित होतं, पण होतं. नंतर मानेत नवं दुखणं, गरगरणं, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं यातलं काही झालं तर उद्यावर टाकू नका.

प्रश्न : मी आशा कार्यकर्ती आहे. असा पेशंट गावात आला तर काय करू? (धानोरा, जि. गडचिरोली)

उत्तर : ताई, १०८ ला फोन लावा आणि मान हलू देऊ नका. तेल चोळू देऊ नका, शेकू देऊ नका. अ‍ॅस्पिरिन आपल्या मनाने देऊ नका, कारण डोक्यात रक्तस्राव आहे की नाही हे स्कॅनशिवाय कळत नाही. तोंड वाकडं झालंय का, एक पापणी खाली आलीय का, दोन्ही डोळ्यांच्या बाहुल्या सारख्या आहेत का, दोन्ही हात वर राहतात का, एवढं बघा. सोबतच्या चिठ्ठीवर मार किती वाजता लागला ते लिहा आणि ‘गळ्यावर वळ आहे’ हे ठळक लिहा. मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत वळ फिका पडतो, मग मानेकडे कोणी बघत नाही.