मतदार कार्ड हातात आहे, पण यादीत नाव नाही: फॉर्म ६ की फॉर्म ८?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. पुण्याला नोकरीला असलेल्या थोरल्या भावाचं नाव ‘स्थलांतरित’ म्हणून यादीतून कमी झालंय, आणि महाराष्ट्रातल्या चंदगडहून लग्न होऊन आलेल्या भावजयीचं नाव अजून माहेरच्याच यादीत आहे. मग दोघांचेही नव्या नोंदणीचे फॉर्म ६ भरून टाकावेत का?

सरसकट टाकू नका. आधी भावजयीचं बघा. तिचं नाव आजही मतदार यादीत आहे, म्हणून तिला फॉर्म ६ लागू नाही. तिचा फॉर्म ८, पत्ता बदलल्याचा. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात आलं तरी हाच फॉर्म चालतो. त्यात जुन्या कार्डाचा नंबर लिहायचा, म्हणजे इथं नाव लागताना तिकडची नोंद निघते. फॉर्म ६ भरला तर नाव दोन्हीकडे राहतं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५० च्या कलम १७ आणि १८ प्रमाणे ते चालत नाही, आणि खोटं प्रतिज्ञापन केल्याबद्दल कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आपल्याकडं सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंना असते, त्यामुळं ही चूक फार होते. नंतर दुहेरी नोंदी शोधताना नेमकी इकडची, हवी असलेली नोंद कमी होण्याची भीती राहते.

पत्त्यासाठी आधार, बँकेचं पासबुक किंवा घरचं वीजबिल चालतं. बिल नवऱ्याच्या नावावर असलं आणि तो त्याच पत्त्यावर मतदार असला तरी पुरतं. माझं सांगणं असं की आधारवर सासरचं नाव आणि पत्ता आधी करून घ्या, मग फॉर्म ८ भरा. आधारवर एक नाव, कार्डावर दुसरं अशी गत असली की बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) पडताळणीला आल्यावर अर्ज अडतो.

भावाचं प्रकरण वेगळं आहे. कलम २० सांगतं की गावात घर किंवा जमीन आहे एवढ्यावर कोणी तिथला ‘सामान्य रहिवासी’ ठरत नाही. तसंच, काही काळ बाहेरगावी गेला म्हणून रहिवास तुटतही नाही. बायकापोरांसह पुण्यात बिऱ्हाड असेल तर त्यानं पुण्यातच नोंदणी करावी. नाव कुठंच उरलेलं नसल्यामुळं तिथं फॉर्म ६ लागेल. पण कुटुंब गावातच असेल आणि तो कामापुरता जाऊन येत असेल, तर नाव कमी करणंच चूक आहे. मग मतदार नोंदणी अधिकाऱ्याकडं लेखी अर्ज देऊन नाव कमी केल्याच्या आदेशाची आणि कोणी फॉर्म ७ (नाव काढण्याचा अर्ज) दिला असेल तर त्याची प्रत मागा. आदेशावर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडं अपील करता येतं, आणि त्यांच्या निर्णयावर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडं. मुदत टळली असेल तर वाद घालत बसू नका. फॉर्म ६ भरा आणि जुन्या कार्डाची झेरॉक्स जोडा.

लोकसभेला खानापूर उत्तर कन्नड मतदारसंघात मोडतं, म्हणून काही जण त्या जिल्ह्याच्या मुख्यालयी, कारवारला, चौकशी करतात. यादी विधानसभा मतदारसंघाची असते. काम तालुक्यातच होतं.

फॉर्म ७ हलक्यात घेऊ नका. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंद मतदारसंघात नावं कमी करण्याचे ६,०१८ ऑनलाइन अर्ज आले होते. तपासणीत त्यातले फक्त २४ बरोबर निघाले. नाव काढण्याआधी मतदाराला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, पण नोटीस कानडीत येते आणि घरातले ती वाचता येत नाही म्हणून फळीवर ठेवून देतात. त्याच दिवशी कानडी येणाऱ्याकडून वाचून घ्या. त्यात सुनावणीची तारीख असते. आलेल्या अर्जांच्या याद्याही लावल्या जातात: नवी नावं फॉर्म ९ मध्ये, नाव काढण्याच्या हरकती फॉर्म १० मध्ये. फॉर्म १० ची यादी गावातल्या एकानं तरी अधूनमधून बघितली पाहिजे.

ऑनलाइन अर्ज भरताना इंग्रजीत नाव टाकलं की कानडी अक्षरं यंत्रच बसवतं. चौगुले, चव्हाण, घाडी अशा आडनावांचं तिथं काहीही होतं. दुसरा रकाना कानडी वाचणाऱ्याला दाखवल्याशिवाय अर्ज पाठवू नका. याच कारणानं नाव टाकून शोधलं तर सापडत नाही आणि माणूस उगाच घाबरतो. कार्डाच्या नंबरानं शोधा. संदर्भ क्रमांक लिहून ठेवा, कागदी अर्ज असेल तर पोचपावती घेतल्याशिवाय उठू नका. अर्ज मंजूर झाला असं दिसलं तरी यादीतला भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. कार्ड ही फक्त ओळख आहे, मत यादीतल्या नावावर पडतं.

वेळेचं गणित असं: अर्जावर हरकतींसाठी सात दिवस सोडावे लागतात आणि उमेदवारी अर्जांच्या शेवटच्या दिवसानंतर यादीत बदल होत नाही. त्यामुळं त्या तारखेच्या निदान दहा दिवस आधी तुमचा अर्ज पोहोचलेला हवा. निवडणूक जाहीर व्हायची वाट बघणाऱ्यांची नावं इथंच हुकतात. १८ वर्षं पूर्ण होण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात, आणि १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज देता येतो.

मतदानाच्या दिवशी यादीत नाव आहे आणि कार्ड हरवलंय, तर आधार, पॅन, वाहन परवाना, फोटो असलेलं बँक पासबुक, रोजगार हमीचं जॉब कार्ड यांपैकी एक चालतं. बीएलओ घरी देतो ती चिठ्ठी ओळखीचा पुरावा धरत नाहीत. आणि तुमच्या नावावर आधीच कोणी मत टाकून गेलं असं कळलं तर परत फिरू नका. केंद्राध्यक्षांकडं ‘प्रदत्त मत’ मागा. निवडणूक संचालन नियमांतल्या ४९पी प्रमाणे ओळख पटल्यावर ते छापील मतपत्रिकेवर घेतात आणि तुमची सही फॉर्म १७बी मध्ये होते. हे मत मतमोजणीत धरत नाहीत, निवडणुकीचा निकाल कोर्टात गेला तरच ते उपयोगी पडू शकतं. पण तुमच्या नावावर दुसऱ्यानं मत टाकलं याची सरकारी कागदावरची नोंद तेवढ्यानं होते.