वर्गात एकच फोन, तोही शिक्षकाचा: ५२ मुलांना ऑनलाइन साधनांनी कसं शिकवायचं?

प्रश्न असा आहे: करवीर तालुक्यातल्या हायस्कूलमध्ये सातवीला गणित-विज्ञान शिकवते. वर्गात ५२ मुलं, शाळेत एक प्रोजेक्टर, नेट माझ्याच फोनचं. पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, पण त्यात 'शुभ सकाळ'च जास्त. शाळेच्या फेसबुक पेजसाठी रोज फोटो मागतात. या सगळ्याचा शिकवण्याला खरा उपयोग कसा करून घ्यायचा?

मॅडम, एकच फोन आहे ही अडचण धरू नका, सगळी आखणी त्या एका फोनभोवतीच करा. मुलाच्या हातात फोन लागेल असं साधन निवडलं की वर्गाचे दोन भाग पडतात: ज्यांच्या घरी फोन मोकळा असतो ते, आणि उरलेले. उरलेले किती, हे आपल्याला दिसत नाही.

म्हणून आधी मोजणी, आणि तीही कागदावर. फोन आहे का हे गुगल फॉर्मवर विचारणं म्हणजे गैरहजर पोरांना हात वर करायला सांगण्यासारखं आहे. पाव कागदाची चिठ्ठी द्या. 'घरी स्मार्टफोन आहे का' एवढंच विचारलंत तर बहुतेकांचं 'हो' येईल आणि हाती काही लागणार नाही. विचारा: संध्याकाळी ७ ते ९ फोन घरात असतो का? कोणाकडे असतो? त्याच फोनवर अभ्यास करणारी आणखी किती भावंडं आहेत? दिवसाचा डेटा साधारण किती वाजता संपतो? वडील शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतील तर घरातला एकमेव फोनही त्यांच्याबरोबर जातो. ७ वाजता हाताशी फोन असणाऱ्यांचा आकडा वर्गाच्या निम्म्याच्या आसपास आला, तर घरी करायचं कुठलंही ऑनलाइन काम गुणांना जोडू नका.

आता ग्रुप. 'शुभ सकाळ' एका मिनिटात थांबतं. ग्रुपच्या माहितीत परवानग्या उघडा, संदेश पाठवणं आणि ग्रुपची सेटिंग्ज बदलणं ही दोन्ही फक्त ॲडमिनकडे ठेवा. नवा सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच येईल हेही चालू करा. पण साध्या ग्रुपमधली खरी गोची वेगळीच आहे: प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. ५२ घरांतल्या आयांचे नंबर अनोळखी माणसांच्या हाती जातात, मग नको ते मेसेज सुरू होतात आणि एखादी आई गुपचूप ग्रुप सोडते. त्यावर उपाय व्हॉट्सॲपमधल्याच 'कम्युनिटी' या सोयीचा. तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत, ॲडमिनचा मात्र दिसतो. ब्रॉडकास्ट यादीही चालते, तिला २५६ जणांची मर्यादा आहे. फक्त एक ग्यानबाची मेख आहे: ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला ब्रॉडकास्ट पोचतच नाही, आणि त्याला तो चुकल्याचं कळतही नाही. पालक सभेतच प्रत्येकाकडून नंबर सेव्ह करून घ्या, लगेच एक चाचणी मेसेज टाका आणि कोणाचा फोन वाजला नाही ते तिथल्या तिथे बघा.

दिवसाला एकच संदेश, ठरल्या वेळी, तीन ओळींचा. वाचण्याची सवय नसलेल्या पालकांसाठी त्याच मजकुराचा ४०-५० सेकंदांचा आवाजी संदेश जोडा. फळ्याचा फोटो काढताना खिडकीचं प्रतिबिंब फळ्यावर पडणार नाही अशा जागी उभं राहा. अक्षर बारीक असेल तर तो फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि अपूर्णांकाचा छेद वाचता येत नाही. गुणांची यादी आणि कोणाचं नाव घेऊन तक्रार, या दोन्ही गोष्टी ग्रुपवर कधीच नकोत. मुलांचा वेगळा ग्रुपही काढू नका. व्हॉट्सॲपचीच वयोमर्यादा १३ आहे, तुमची बहुतेक पोरं त्याच्या अलीकडची.

माझ्या मते तुमच्या वर्गाला सगळ्यात जास्त उपयोगी पडेल ते प्लिकर्स हे ॲप. यात मुलांकडे फोन नसतो, छापील कार्ड असतं. कार्डावर काळ्या चौकटींची आकृती असते, तिच्या चार बाजू म्हणजे ए, बी, सी, डी. मुलाला जे उत्तर बरोबर वाटतं ती बाजू वर करून तो कार्ड धरतो, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून फिरवता आणि कोणी काय उत्तर दिलं ते नावानिशी नोंदलं जातं. प्रत्येक कार्डाची आकृती वेगळी असल्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर लावता येत नाही, आणि अक्षरं इतकी बारीक असतात की पुढच्या बाकावरून वाचता येत नाहीत.

कार्डं त्यांच्या साइटवरून फुकट छापून मिळतात. नेहमीचा संच ४० कार्डांचा आहे. तुमची मुलं ५२, म्हणून ६३ कार्डांचा वाढीव संच घ्या. हजेरी क्रमांक तोच कार्ड क्रमांक ठेवा, नाहीतर वर्षभर तक्ता शोधत बसाल. कागद जाड पुठ्ठ्यावर चिकटवा. चकचकीत लॅमिनेशन करू नका: ट्यूबलाइटचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकृतीच दिसत नाही. टिकवायचीच असतील तर मॅट लॅमिनेशन. पहिल्या दिवशी बिघडतं ते हमखास बोटांमुळे. पोरं आकृतीवरच अंगठा ठेवतात, म्हणून कड धरायला शिकवा आणि कार्ड तोंडासमोर सरळ, न हलवता धरायला सांगा. मागचे बाक वाचले जात नसतील तर दोन बाकांमधल्या वाटेने चार पावलं पुढे जा. प्रोजेक्टरवर मुलांच्या नावांसमोर चूक-बरोबर दाखवू नका. कोणाकोणाचं उत्तर नोंदलं गेलं एवढंच पडद्यावर राहू दे.

साधन एवढंच. खरी मेहनत प्रश्नात आहे. चुकीचा प्रत्येक पर्याय एका ठरावीक गैरसमजातून निघाला पाहिजे, नाहीतर आकडे बघून काहीच कळत नाही. उदाहरणार्थ, २/५ + १/३ किती? पर्याय असे द्या: ३/८, ३/१५, ११/१५, २/१५. बरोबर उत्तर ११/१५. ज्याने ३/८ धरलं त्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला. ३/१५ वाल्याने छेद समान केले, पण अंश बदलायचे राहिले. २/१५ वाल्याने बेरजेऐवजी गुणाकार केला. तीन चुकांना तीन वेगळे उपाय आहेत. ३/१५ वाल्याला कागदाची पट्टी घडी घालून दाखवली तर दोन मिनिटांत कळतं. ३/८ वाल्याला आधी विचारा, ३/८ हे २/५ पेक्षा लहान की मोठं? मिळवणी करून रक्कम कमी कशी झाली, याच्यावर तो स्वतःच अडतो.

आकडा आल्यावर काय करायचं हेही आधी ठरवून ठेवा. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर यांची पद्धत इथे चपखल बसते. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांच्या खाली असतील तर पुन्हा शिकवा. ३० ते ७० टक्के असतील, म्हणजे तुमच्या वर्गात साधारण १६ ते ३६ मुलं, तर काही न सांगता शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवून द्यायला दोन-तीन मिनिटं द्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारा. त्याहून जास्त असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे चला. पहिल्या फेरीनंतर उत्तर फोडायचं नाही हे पथ्य फार महत्त्वाचं; ते फोडलं की चर्चा संपली. एका तासाला असे दोनच प्रश्न, तिसऱ्याला घंटा होते.

गुगल फॉर्म वापरायचाच असेल तर, शाळेत संगणक कक्ष असल्यास, तिथे पाळीपाळीने. क्विझचा पर्याय चालू करा. हजेरी क्रमांक टाइप करून घेऊ नका, यादीतून निवडायला लावा; नाहीतर '७', '०७' आणि 'सात' ही एकाच मुलाची तीन मुलं होतात. लघुत्तराची तपासणी अक्षरशः जुळणी बघते, त्यामुळे उत्तर १५ असेल तर ते देवनागरी आकड्यात आणि इंग्रजी आकड्यात असं दोन्हीकडून उत्तरसूचीत भरा. ईमेल गोळा करत नसाल तर गुण लगेच दिसतात, म्हणून बरोबर उत्तरं आणि चुकलेले प्रश्न दाखवण्याची बटणं बंद ठेवा. नाहीतर पहिल्या पाळीची पोरं दुसऱ्या पाळीला सगळं सांगून मोकळी होतात. वहीचे फोटो मात्र फॉर्मवर मागवू नका. त्यासाठी मुलाला गुगल खातं लागतं, आणि ५२ मुलांचे आठवड्याला चार फोटो, प्रत्येकी ३ एमबी धरले तरी सव्वासहाशे एमबी होतात. तुमच्या फुकटच्या १५ जीबीचा फडशा सहा महिन्यांत पडेल, आणि त्यातच तुमचा जीमेलही आहे. वह्या टेबलावरच तपासा.

व्हिडिओबद्दल थोडंच. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा या सरकारी अभ्यास ॲपवर उघडतात, आधी तिथे बघा. यूट्यूबवरचं काही दाखवायचं असेल तर ॲपमध्ये आदल्या रात्री उतरवून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा; ५२ मुलांसमोर भलताच व्हिडिओ लागला की तास गेलाच. स्वतःचा व्हिडिओ चढवलात तर 'अनलिस्टेड' (दुवा असेल त्यालाच दिसेल असा) ठेवा आणि मुलांसाठी असल्याची खूण करा, म्हणजे खालच्या प्रतिक्रिया आपोआप बंद होतात. वहीत स्वतःचा क्यूआर चिकटवायचा असेल तर तो थेट व्हिडिओचा करू नका. चूक दुरुस्त करून व्हिडिओ पुन्हा चढवला की दुवा बदलतो आणि ५२ वह्यांतले कोड मेलेले. ड्राइव्हच्या फोल्डरचा कोड करा, आतलं हवं तेव्हा बदलता येतं.

फेसबुकचे फोटो. वरून मागतात म्हणून काढले जाणारे फोटो शिकवण्याच्या कामाचे नसतात, हे तुम्हालाही ठाऊक आहे. द्यायचेच असतील तर हात, वही, प्रयोगाची मांडणी, पाठमोरी मुलं. चेहरा, नावाची पट्टी आणि गणवेशावरचं शाळेचं नाव एका फोटोत एकत्र येऊ देऊ नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येईल अशी संमती लागेल असं म्हटलं आहे. जूनमध्येच लेखी संमती घ्या, तीन वेगळ्या रकान्यांत: ग्रुपवर फोटो, पेजवर फोटो, व्हिडिओ. ज्यांनी नाही म्हटलं त्यांची पोरं बाजूला उभी करून फोटो काढू नका. कॅमेराच मागच्या बाजूने लावा. विद्यार्थ्यांच्या फ्रेंड रिक्वेस्ट स्वीकारायच्या नाहीत, वर्ष संपल्यावरसुद्धा.

समाजमाध्यम हाच धड्याचा विषय करायचा असेल तर कोल्हापुरात जुलैसारखा महिना नाही. पंचगंगा वाढायला लागली की राजाराम बंधाऱ्याची पातळी दिवसातून अनेकदा जाहीर होते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. रोज सकाळची एक नोंद गुगल शीटमध्ये घ्या आणि रेषालेख प्रोजेक्टरवर वाढताना दाखवा. इथे एक सापळा आहे: ३९ फूट ५ इंच म्हणजे ३९.५ नव्हे. फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत घ्या, तिसऱ्यात फूट अधिक इंच भागिले १२ असं सूत्र घाला; उत्तर ३९.४२ येतं. दशांश अपूर्णांक शिकवायला याहून चांगला प्रसंग पुस्तकात मिळणार नाही.

मग फॉरवर्ड घ्या, पाठवणाऱ्याचं नाव काढून. 'राधानगरी धरणाच्या स्वयंचलित दरवाजांतून ५० हजार क्युसेक सोडलं' असा मेसेज आला असं धरा. असे दरवाजे सात, आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी येतं असं बातम्यांत वाचायला मिळतं. सातही उघडले तरी ९,९९६. वीजगृहातून सोडतात ते पाणी वेगळं, पण त्याने आकडा ५० हजारांवर जात नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर, म्हणजे एका दरवाजातून सेकंदाला चाळीस हजार लिटर, दहा हजार लिटरचे चार टँकर. खरा आकडाही पोरांना पुरेसा दचकवतो.

पुराच्या व्हिडिओंचं तसंच. पाऊस वाढला की २०१९ आणि २०२१ चे व्हिडिओ आजचे म्हणून फिरू लागतात. व्हिडिओ थांबवून स्क्रीनशॉट घ्या, गुगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनात टाका. लेन्स पुष्कळदा नुसती दिसायला सारखी चित्रं काढतं, म्हणून न हलणाऱ्या खुणा जुळवायला शिकवा: दुकानाची पाटी, पुलाचा कठडा, होर्डिंगवरची तारीख. मुलांनी प्रत्येक फॉरवर्डसमोर तीनच रकाने भरायचे: कोणी मोजलं, कधी, कुठे.

शाळेला पुराची सुट्टी लागली आणि नोंद चुकली तर त्या दिवसाचे तिन्ही रकाने, सूत्राचासुद्धा, रिकामे सोडा. शून्य भरलंत तर आलेखात पंचगंगा एका रात्रीत कोरडी पडलेली दिसेल.