1786 सालातल्या नायिकेसाठी

चि. मुलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

1786 सालच्या पुण्यात घडणारी तुझी पहिली कादंबरी दिवाळीला येते आहे आणि मुखपृष्ठही ठरलं, हे वाचून मनापासून आनंद झाला. मुद्रितं सावकाश वाचली. भाषा गोड आहे, माणसं जिवंत आहेत. ती प्रकाशकाकडे परत जाण्याआधी काही सांगावंसं वाटतं.

काही दुरुस्त्या सोप्या आहेत. तुझी नायिका पहाटे उठून चहा ठेवते. तो काढून टाक. पुण्याच्या घरात चहा शिरला तो इंग्रजी अमलात. काड्यापेटीही नको. ती 1827 साली इंग्लंडात निघाली, त्याआधीच पेशवाई बुडाली होती. तुझ्या कादंबरीच्या काळी रात्री विस्तव राखेत पुरून ठेवत. तो विझला तर चकमक झाडायची, नाहीतर शेजारून निखारे आणायचे. आता बघ, सासूच्या डोळ्यांदेखत बाहेर पडायचं कारण तुझ्या नायिकेला आपोआप मिळालं! पाण्याचंही तसंच. नानासाहेबांनी कात्रजहून नळाने पाणी आणून शहरात हौद बांधले. वाड्यातल्या दागिन्यांवर तू तीन पानं खर्च केलीस, त्यातलं एक हौदाला दे.

आता महत्त्वाचं. तुझी नायिका सोळा वर्षांची, अविवाहित, ब्राह्मण घरातली, आणि लग्नाआधी प्रेमात पडते. सवाई माधवरावांचं लग्न 1783 साली झालं तेव्हा नवरदेवाला नऊ वर्षंही पुरी नव्हती. मुलींची लग्नं तर आठव्या-नवव्या वर्षी उरकत, आणि न्हाण आल्यावर त्या नांदायला जात. हे आपल्याला आज बोचतं, बोचायलाच हवं, पण झाकून लिहू नकोस. तिचं लग्न आधीच झालेलं असू दे. ज्याच्याशी गाठ पडली त्या माणसाची खरी ओळख तिला वर्षांनंतर होते, हीच तुझी प्रेमकथा. मोठ्यांसमोर नवऱ्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही, महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायचं. माणसांनी भरलेल्या घरात दोघांना घटकाभर एकांत कुठे मिळतो, हे शोधताना तुला प्रसंग सुचतील. एखाद्या दुपारी सोंगट्यांचा पट मांडून दोघांना समोरासमोर बसव आणि त्यांना काहीही बोलू देऊ नकोस.

नायक पेशव्यांचे सेनापती हरिपंत फडके यांच्या फौजेत आहे, हे तू छान निवडलंस. फौजा दसऱ्याला निघत आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतत, म्हणून तू त्याला आषाढात घरी आणलास. पण टिपूवरची ती मोहीम 1787 च्या तहापर्यंत चालली. टिपूने तर भर पावसाळ्यात तुंगभद्रा ओलांडली. तेव्हा त्या वर्षी तो घरी येत नाही. शेजारणींचे नवरे आले, हिचा नाही, आणि श्रावणात मंगळागौर जागवायची आहे. फुगड्या घालताना तिच्या मनात काय चाललं असेल ते मला वाचायचं आहे.

मग पत्रं. तू त्याला लांबलचक प्रेमपत्रं लिहायला लावलंस. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाईंसारख्या बायका लिहीत, नातवाला, सवाई माधवरावांना, दिनचर्येच्या सूचना धाडत. पण साध्या घरातली बायको बहुधा निरक्षर. पत्र यायचं वडिलांच्या नावे. सासरे ते माजघरात वाचून दाखवत आणि ही दाराआड उभी राहून ऐके. त्या चार ओळींत तिच्यासाठी काय असेल? ‘घरची मंडळी सुखरूप असोत’ एवढंच. त्यातल्या एका शब्दावर तिने महिना काढला, असं लिही. पत्रालाही वेळ लागे. पानिपतावर 14 जानेवारी 1761 रोजी फौज बुडाली, ते खुद्द पेशव्यांना कळायला सुमारे 10 दिवस लागले. एका शिलेदाराच्या बायकोला नवरा जिवंत आहे हे कधी कळत असेल?

मोडी शिकायला लाग. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. तोवर त्यातले इतिहासकार गो. स. सरदेसायांनी छापलेले 45 खंड चाळ. लढायांचे कागद बाजूला ठेव आणि खर्चाच्या याद्या वाच. तूप किती, लुगडी कोणाला, कोणाच्या बाळंतपणाला काय दिलं, हे सगळं तिथे सापडतं.

प्रकाशकाकडे पंधरा दिवस मागून घे. पहिल्या पुस्तकाच्या वेळी असं मागायला संकोच वाटतो, पण माग. मंगळागौरीचं प्रकरण नव्याने लिहून झालं की आधी मला पाठव.

तुझी,
मावशी