विसारपावतीपासून बँकेच्या लिलावापर्यंत : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : पुण्यात बाणेर भागात गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेण्याचा विचार आहे. एजंटने दाखवलेला प्रकल्प महारेरात (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणात) नोंदलेला आहे आणि दोन बँकांनीही त्याला मंजुरी दिली आहे. त्यामुळे वेगळा वकील नेमण्याची गरज नाही, असे एजंटचे म्हणणे आहे. दोन दिवसांत पाच लाख रुपये टोकन भरण्याचा आग्रह आहे. काय करावे? — एक वाचक, पुणे

उत्तर : वकील अवश्य नेमावा, आणि तो एजंटने सुचवलेला नसावा. बँक प्रकल्पाची छाननी करते ती स्वतःच्या कर्जापुरती. तिच्या वकिलाचा अहवाल बँकेसाठी असतो आणि त्यात पुढे चूक निघाली तरी आपला हप्ता थांबत नाही. महारेराची नोंदणीदेखील मुख्यतः विकासकाने सादर केलेल्या कागदपत्रांवर उभी असते. कल्याण-डोंबिवलीतील 65 बेकायदा इमारतींच्या प्रकरणात महापालिकेच्या बनावट परवानग्या जोडून महारेराची नोंदणी मिळवण्यात आली, तेथे घरे घेणाऱ्या अनेकांना गृहकर्जेही मिळाली, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचे आदेश दिले. घर घेणाऱ्यांच्या हातात नोंदणी क्रमांक होता आणि बँकेचे मंजुरीपत्रही होते. म्हणून आपल्या वकिलाने तीस वर्षांचा सर्च (मालकीच्या जुन्या नोंदींचा शोध) घ्यावा, सातबारा किंवा मालमत्ता पत्रक आणि फेरफार तपासावेत, आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची खातरजमा विकासकाने दिलेल्या प्रतीवरून नव्हे, तर थेट महापालिकेकडून करून घ्यावी.

टोकनविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. ‘दोन दिवसांत’ हा एजंट मंडळींचा आवडता मुहूर्त असतो. चांगला व्यवहार आठवडाभराच्या तपासणीने सहसा निसटत नाही. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय विकासकाला घराच्या किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. जी रक्कम द्याल ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत, विकासकाच्या प्रकल्पाच्या खात्यातच द्यावी, एजंटच्या खात्यात नव्हे. मालकी हक्क निर्वेध नसल्यास किंवा कर्ज मंजूर न झाल्यास ती किती दिवसांत परत मिळेल, हे पावतीवर लिहून घ्यावे. नोंदणीकृत प्रकल्पातील घरे विकणाऱ्या एजंटला स्वतःचा महारेरा क्रमांक असावा लागतो, आणि 2023 पासून त्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण होणेही बंधनकारक आहे. संकेतस्थळावर तो क्रमांक पाहून घ्यावा. जुन्या इमारतीतील पुनर्विक्रीच्या फ्लॅटला मात्र ही चौकट लागू होत नाही. तेथे आपले संरक्षण फक्त विसारपावतीतील, म्हणजे आगाऊ रक्कम देताना केलेल्या लेखी पावतीतील, अटींत असते.

प्रश्न : ऐंशी लाखांचा फ्लॅट घेऊन तो भाड्याने दिला, तर भाड्यातून हप्ता भागेल असे एजंटने गणित मांडून दाखवले आहे. ते बरोबर आहे का? — एक वाचक, पिंपरी

उत्तर : बहुधा नाही. 30 ते 75 लाखांच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेची मर्यादा किमतीच्या 80 टक्के आहे, म्हणजे येथे जास्तीत जास्त 64 लाख. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता सुमारे साडेपंचावन्न हजार येतो. पुण्यात निवासी भाडे साधारणपणे किमतीच्या वार्षिक 2 ते 3 टक्के सुटते. तीन टक्के धरले तरी महिन्याला वीस हजारच होतात. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क बँक किमतीत धरत नाही, त्यामुळे 16 लाखांच्या स्वतःच्या रकमेशिवाय 7 टक्के मुद्रांक शुल्क (फ्लॅट केवळ महिलेच्या नावे असल्यास 6 टक्के) आणि 30,000 रुपये नोंदणी शुल्क खिशातूनच द्यावे लागेल. बांधकाम चालू असेल, तर जीएसटी वेगळा. एजंटने मांडलेल्या गणितात यांपैकी काय गाळले आहे, हे त्यालाच विचारून पाहावे.

प्रश्न : एजंट एकाच वित्तसंस्थेचे कर्ज घ्या म्हणून मागे लागला आहे. — एक वाचक, नाशिक

उत्तर : अनेक एजंट बँकांचे किंवा गृहवित्त कंपन्यांचे कर्ज मिळवून देणारे प्रतिनिधीही असतात आणि प्रत्येक मंजूर कर्जामागे त्यांना मोबदला मिळतो. यात बेकायदा काही नाही, परंतु त्यांची शिफारस सल्ला म्हणून घेऊ नये. बँकांची बदलत्या व्याजदराची गृहकर्जे ऑक्टोबर 2019 पासून रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते त्या दरासारख्या) बाह्य मानकाशी जोडलेली आहेत. गृहवित्त कंपन्यांना ते बंधन नाही, त्यामुळे रेपो दर उतरला तरी तेथील व्याज किती आणि केव्हा उतरेल, हे त्या कंपनीच्या धोरणावर ठरते. ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक कर्जदाराला सर्व शुल्कांसह वार्षिक खर्चाचा दर दाखवणारे मुख्य तथ्य विवरणपत्र देणे बंधनकारक झाले आहे. दोन-तीन संस्थांकडून ते मागवून शेजारी शेजारी ठेवावे आणि एकरकमी हप्त्याचा जीवनविमा कर्जाच्या रकमेत मिसळला आहे का, हे पाहावे. तो विमा त्याच संस्थेकडून घेण्याची सक्ती करता येत नाही.

प्रश्न : ठाण्यात पुनर्विक्रीचा फ्लॅट घेत आहे. विक्रेत्याचे एका बँकेत 38 लाख कर्ज बाकी आहे आणि मी दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेणार आहे. ‘तुम्ही पैसे द्या, मी कर्ज फेडून कागद आणून देतो’, असे विक्रेता म्हणतो. — एक वाचक, ठाणे

उत्तर : या क्रमाने व्यवहार करू नये. विक्रेत्याच्या हातात पैसे गेले आणि ते कर्जखात्यात पोहोचले नाहीत, तर आपण दिलेल्या पैशांच्या बदल्यात केवळ त्याचा शब्द उरतो. आधी विक्रेत्याकडून त्याच्या बँकेचे दोन कागद मागावेत : बाकी रकमेचे पत्र, आणि बँकेकडे जमा असलेल्या मूळ कागदपत्रांची यादी. त्या यादीत एखादा जुना करारनामा नसेल, तर तो कोठे आहे, याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे जाऊ नये. आपला स्वतःचा हिस्सा द्यायचा असेल तेव्हा धनादेश विक्रेत्याच्या नावाने न काढता त्याच्या बँकेच्या नावाने, कर्जखात्याचा क्रमांक लिहून काढावा. उरलेली रक्कम आपली बँक थेट त्या बँकेला देईल आणि मूळ कागद परस्पर ताब्यात घेईल. अशी व्यवस्था बँकांच्या नित्य सवयीची आहे.

पुष्कळ वाचकांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट अशी की, विक्रेत्याने त्याच बँकेतून टॉप-अप (चालू कर्जावर वाढीव कर्ज) घेतलेला असू शकतो, किंवा धंद्याच्या कर्जाला हीच मालमत्ता तारण दिलेली असू शकते. म्हणून ‘ही रक्कम भरल्यावर या मालमत्तेवर बँकेचा कोणताही दावा राहणार नाही’, असे वाक्य बँकेच्या पत्रात असावे. कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागद परत करणे आणि बोजा उतरवणे हे रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार बँकेचे काम आहे. त्याहून उशीर बँकेमुळे झाला, तर कर्जदाराला दिवसाला 5,000 रुपये भरपाई द्यावी लागते. सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला आणि भागप्रमाणपत्र (शेअर सर्टिफिकेट) यांनाही तितकेच महत्त्व द्यावे.

प्रश्न : राष्ट्रीयीकृत बँकेच्या लिलावात डोंबिवलीचा एक फ्लॅट बाजारभावापेक्षा बराच स्वस्त दिसतो. एका एजंटचे बँकेत ‘सेटिंग’ आहे आणि तो दोन टक्के घेऊन फ्लॅट मिळवून देतो म्हणतो. जाहिरातीत ‘सांकेतिक ताबा’ लिहिले आहे. बोली लावावी का? — एक वाचक, कल्याण

उत्तर : प्रथम एजंटविषयी. सरकारी बँकांचे लिलाव ‘बँकनेट’ या संकेतस्थळावर जाहीर होतात, बोली ऑनलाइन आणि स्वतःच्या नावाने लावता येते, त्यामुळे सेटिंगला दोन टक्के देण्यासारखे तेथे काही नसते. एजंटच्या नावाने बोली लावून पुढे आपल्या नावावर करून घेण्याची सूचना आली, तर ती सरळ नाकारावी. कागद तपासायला, सोसायटीत चौकशी करायला आणि शेजाऱ्यांशी बोलायला मदत करणारा स्थानिक माणूस मात्र ठरावीक मोबदला देऊन जरूर घ्यावा.

फ्लॅट स्वस्त असण्याचे कारण जाहिरातीतच आहे. सांकेतिक ताबा म्हणजे बँकेने दारावर नोटीस लावली आहे, पण घरात अजून कर्जदार, त्याचे नातेवाईक किंवा भाडेकरू राहत आहेत. सरफेसी कायद्याखाली (थकीत कर्जाचे तारण बँकेला ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या कायद्याखाली) प्रत्यक्ष ताब्यासाठी बँकेला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो आणि त्यात किती महिने जातील, याची हमी कोणी देत नाही. ‘जसे आहे, जेथे आहे’ या तत्त्वावर विक्री होत असल्यामुळे मालमत्ता कर, सोसायटीची देणी आणि विजेची थकबाकी यांचा भार खरेदीदाराकडे येऊ शकतो. लिलावाच्या अटींत तसे असल्यास जुने वीजबिल नव्या मालकाकडून मागता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये मान्य केले आहे. कल्याण-डोंबिवलीत तर इमारत अधिकृत आहे का, हा प्रश्न किमतीच्याही आधी विचारावा, कारण अनधिकृत बांधकामावर दिलेले कर्ज बुडल्यावर तीच मालमत्ता लिलावात येते आणि बँक त्याविषयी जाहिरातीत काही सांगेलच असे नाही.

कर्जदार शेवटच्या क्षणी पैसे भरून फ्लॅट सोडवील, ही भीती पूर्वी मोठी होती. लिलावाची नोटीस प्रसिद्ध झाल्यावर त्याचा तो हक्क संपतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2023 मध्ये स्पष्ट केले. तरी बँकेच्या कारवाईविरुद्ध 45 दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागण्याचा मार्ग त्याला मोकळा असतो. म्हणून बोलीपूर्वी कर्जदाराच्या नावाने न्यायाधिकरणात प्रकरण चालू आहे का, हे वकिलाकडून पाहून घ्यावे.

पैशांची मुदत सर्वांत कडक असते. अनामत सहसा राखीव किमतीच्या (बोलीच्या किमान किमतीच्या) 10 टक्के असते. बोली लागल्यावर अनामतीसह 25 टक्के रक्कम त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी भरावी लागते, आणि उरलेले 75 टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधराव्या दिवसापर्यंत. बँकेने लेखी संमती दिली, तरच ही मुदत वाढते, तीही एकूण तीन महिन्यांपलीकडे नाही. रक्कम चुकली, तर आधी भरलेले पैसे जप्त होतात. सांकेतिक ताब्याच्या मालमत्तेवर कर्ज द्यायला बहुतेक बँका उत्सुक नसतात, त्यामुळे कर्ज मिळेल या भरवशावर बोली लावणे धोक्याचे आहे. लिलाव करणाऱ्या बँकेलाच ती कर्ज देईल का, हे आधी लेखी विचारावे. उत्तर नकारार्थी असेल आणि पूर्ण रक्कम आज हातात नसेल, तर प्रत्यक्ष ताबा असलेल्या एखाद्या दुसऱ्या लिलावाची वाट पाहावी.